माझ्या वजनाचा गूळ

मी पहिलीत असताना मला टायफॉईड झाला होता. त्यातलं मला स्वतःला जवळजवळ काहीच आठवत नाही. जे माहीत आहे ते इतरांकडून ऐकलेलं. माझे गाल आत गेले होते, केस कंगव्यात गुंतून येत होते, आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं होतं. त्याच दिवसांत आईने आमच्या गावच्या देवीला नवस बोलला. पोरगी बरी झाली तर तिच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारात वाटीन.

मी बरी झाले. गूळ मात्र मी सत्तावीस वर्षांची होईपर्यंत वाटला गेला नाही.

गूळतुला ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. देवळासमोर मोठा तराजू टांगतात. एका पारड्यात ज्याच्यासाठी नवस बोललेला असतो तो माणूस बसतो, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या, म्हणजे ढेपा, रचतात. गुळाचं पारडं खाली आणि माणूस वर गेला की नवस फिटला. मग तो गूळ फोडून जमलेल्या लोकांना वाटायचा. बहुतेक वेळा लहान मुलं बसतात. नवीन फ्रॉक घातलेली, भेदरलेली, रडणारी. लोक हसतात, पण ते हसणं कौतुकाचं असतं. मोठ्या माणसांच्या तुला मी पाहिल्यात त्या फक्त पुढाऱ्यांच्या, त्याही लाडूंच्या. तिथे पारडं जितकं जड तितक्या टाळ्या जास्त. पुढाऱ्याचं पोट हा कधी कुणाला प्रश्न वाटलेला मी ऐकला नाही.

नवस का राहिला याची पहिली कारणं खरी होती. त्या वर्षी आजोबा गेले. पुढच्या वर्षी बाबांनी अकोल्याच्या जुन्या शहरात, नदीच्या पुलापासून जवळच, फुलांचं दुकान टाकलं आणि गावाकडे जाणं कमी झालं. गाव अचलपूरच्या बाजूला. तिथे मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, संत्र्याची बाग आणि थोडा झेंडू-शेवंती बघतात. आमच्या दुकानातली बरीच फुलं त्यांच्याकडूनच येत. जाणं-येणं होतं, पण सगळ्यांनी जमून काही करायचं म्हटलं की राहून जायचं.

तिसरीच्या सुमारास माझं अंग भरायला लागलं. आधी सगळ्यांना बरं वाटलं. आजारातून उठलेली पोरगी, खाऊ दे. मग कधीतरी, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, बरं वाटणं थांबलं. नवसाचा विषय निघाला की आई म्हणायला लागली, "थोडी बारीक झाली की करू."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्यातली गंमत मला फार उशिरा कळली. आईला भीती गुळाची नव्हती. आपली मुलगी पारड्यात बसलेली गाव बघेल, याची होती. आणि ती वाट बघत राहिली. मी दहावी झाले, बारावी झाले, लायब्ररी सायन्स केलं, अमरावतीच्या एका कॉलेजात नोकरीला लागले. देवी तिकडे थांबलेली, आई इकडे थांबलेली, आणि मधे मी, दिवसेंदिवस वाढत जाणारी.

आमच्या घरात कुणाचंच शरीर बोलल्याशिवाय सोडलेलं नाही. माझ्या वडिलांच्या हातांवर कोड आहे. अकोल्याच्या उन्हाळ्यात, जेव्हा डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दुकानात बसतात. देवाच्या हारासाठी फुलं घ्यायला आलेली माणसं आधी त्यांच्या बोटांकडे बघतात आणि मग फुलांकडे. काही जण तसेच पुढच्या दुकानात जातात. बाबा त्यावर कधी बोलत नाहीत. त्यांनी मला माझ्या शरीराबद्दल आयुष्यात एकही शब्द म्हटलेला नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण हेच असावं.

मोठ्या बाबांची मुलगी, माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. ती इतकी बारीक आहे की लहानपणी तिला सगळे आगकाडी म्हणायचे. ती किती खाते हे जेवताना सगळे बघतात, मी किती खाते हेही बघतात. तिच्या ताटात वाढतात, माझ्या ताटावर हात आडवा धरतात. एकाच पंगतीत शेजारी बसून आम्ही दोघी अर्धपोटी उठायचो. मी भीतीने आणि ती चिडून.

मी इंग्लिश मीडियमला होते. तिथे कुणी जाडी म्हणत नसे. तिथे मिस 'हेल्दी' म्हणत, आणि मुली 'क्यूट' म्हणत. शब्द मऊ होते, पण वर्षातून एकदा हेल्थ चेकअप व्हायचा. व्हरांड्यात वजनकाटा ठेवलेला, सगळा वर्ग रांगेत, आणि पीटीचे सर आकडा मोठ्याने ओरडायचे. माझा आकडा ओरडताना ते थोडे थांबायचे. काटा नीट आहे ना, म्हणून वाकून बघायचे. तेवढ्या थांबण्यात मागची रांग शांत व्हायची. त्यानंतर मी कुठल्याही वजनकाट्यावर आपण होऊन चढलेले नाही. डॉक्टरकडे चढते, तेव्हा डोळे मिटते.

मागच्या दिवाळीत आई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. बीपी वाढलं होतं. दोन दिवस दवाखान्यात ठेवून घरी सोडलं, गोळ्या सुरू झाल्या, तसं गंभीर काही नव्हतं. पण तेव्हापासून तिच्या डोक्यात नवस बसला. एका संध्याकाळी लायब्ररी बंद करत असताना तिचा फोन आला.

"बाई, थे देवीचं राह्यलं आपलं."

"हं."

"आता करून टाकू म्हणते मी. फाल्गुनात. संत्रा तोडून होते, सगळे मोकळे असते."

तिने घाईने पुढे म्हटलं, "मी तशीच मेली तं थे माह्या डोक्यावर राहीन वं. अन् तुह्याही."

माझा देवावर फारसा विश्वास नाही. हे मी आईला कधी सांगितलेलं नाही, कारण सांगून काही होणार नाही. पण आईला रात्री झोप लागत नव्हती, हे बाबांनी मला वेगळा फोन करून सांगितलं होतं. बाबा असे फोन करत नाहीत.

"बरं," मी म्हणाले.

"बरं ना? तुले चालते ना?"

"चालतं."

मला चालत नव्हतं. आईलाही ते कळलं असावं, कारण तिने लगेच कोथिंबिरीचा विषय काढला.

त्याच महिन्यात आमच्या कॉलेजात मुलींसाठी बॉडी पॉझिटिव्हिटीवर एक कार्यक्रम झाला. रीडिंग हॉल रिकामा करून खुर्च्या लावायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला शेवटपर्यंत थांबावं लागलं. पाहुण्या बाई चांगल्या बोलत होत्या. सगळी शरीरं सुंदर असतात, म्हणाल्या. रोज सकाळी आरशासमोर उभं राहा आणि म्हणा, आय लव्ह माय बॉडी. मग त्यांनी मुलींना ते मोठ्याने म्हणायला लावलं. मुलींनी म्हटलं. मागच्या रांगेतल्या एका मुलीने, तिच्या चेहऱ्यावर मुरुमांचे खोल व्रण होते, नुसते ओठ हलवले. मी तिच्याकडे बघत होते, आणि तिने मला बघताना पाहिलं. आम्ही दोघींनी नजर फिरवली.

मला त्या बाईंचा राग आला नाही. मला दमल्यासारखं वाटलं. लोकांच्या बोलण्याने जे झालं ते माझ्याच तोंडून दुरुस्त करायचं, हे अजून एक काम माझ्यावर पडलं होतं. मला माझ्या शरीरावर प्रेम करायचं नाही. एखाद्या भावासारखं, ज्याच्याशी पटत नाही पण भांडणही नाही, तसं त्याच्यासोबत राहायला मला चालेल. फक्त इतरांनी त्याच्याबद्दल बोलणं थांबवावं. चांगलंसुद्धा नको.

फाल्गुनातल्या एका सोमवारी मी रजा टाकून अमरावतीहून परतवाड्याच्या एसटीत बसले. आई आदल्या दिवशीच गावी येऊन पोचली होती, बाबा दुकानामुळे आले नाहीत. किराणा दुकानातून भेल्या आणून मोठ्या बाबांच्या पडवीत पोत्यावर रचलेल्या होत्या. त्यांच्याभोवती मुंग्या लागू नयेत म्हणून मोठ्या आईने, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोने, हळदीची रेघ ओढली होती. मी ओट्यावर पाय ठेवायच्या आत तिने मला वरून खाली पाहिलं.

"आली का वं? ये. मले वाटलं मेसचं खाऊन उतरली असन तू."

"नाही उतरले, मोठी आई."

"दिसून राह्यलं थे."

सगळे हसले. मीही हसले. आमच्याकडे जिच्यावर विनोद होतो तिनेही हसायचं असतं, नाहीतर ती तुसडी ठरते.

रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी मोठ्या आईने तिच्या मनात कधीपासून असलेली गोष्ट काढली. ती पोळ्या लाटत होती, आई शेकत होती, माझी चुलत बहीण कांदा चिरत होती आणि मी लसूण सोलत होते. दारात मोठे बाबा चहाचा कप घेऊन बसले होते.

"माह्यं आयक," मोठी आई माझ्या आईला म्हणाली. "हिच्या जागी आमच्या पोट्टीले बसव. देवीले घरची पोट्टी पाह्यजे, कोनती थे थोडी पाह्यते ती? अर्ध्या गुळात काम होते अन् लोकायच्या तोंडातही येनार नाई."

आईने पोळी उलटली. ती नाही म्हणाली नाही. मला वाटतं तो विचार तिला एका क्षणापुरता फार चांगला वाटला.

"अन् वारा सुटला तं पारड्यातून उडून जाईन थे," मोठे बाबा चहा पीत म्हणाले.

"मी नाई बसत," चुलत बहीण म्हणाली. तिने विळी पायाखालून सोडली नव्हती.

"काऊन वं? तुले काय करा लागते? बसाच तं लागते."

"मले पाह्याले आलेल्या पाव्हन्यानं काय इचारलं होतं तुमाले? पोरीले काई बिमारी हाय का, म्हने. आता अख्ख्या गावासमोर मोजून दाखोता का मले?"

मोठी आई लाटणं हातात धरून थांबली. मग नेहमीसारखी तिने वेळ मारून नेली. "दोन पोट्ट्या घरात. एक फुगलेली, एक वाळलेली. देवानं दोघीईले एका टोपल्यात कालवून वाटलं असतं तं दोन्ही खपल्या असत्या."

विनोद चांगला होता, हे मला मान्य करावं लागेल. बाजारात माल विकणाऱ्या घरातच असा विनोद सुचतो. मोठे बाबा हसले, आई हसली, मला हसू आलं. चुलत बहीण हसता हसता डोळे पुसत होती आणि कांद्याचं निमित्त तिच्यासमोर होतंच. हसून झाल्यावर कुणी पुन्हा अदलाबदलीचा विषय काढला नाही. म्हणजे मीच बसणार, हे ठरलं.

सकाळी चुलत बहीण अंघोळीच्या पाण्याची बादली घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ताई, बाबा क्रेटचा काटा नेऊन राह्यले देवळात. लाल आकडेवाला."

तो काटा मला माहीत होता. संत्र्याचे क्रेट मोजायचा, इलेक्ट्रॉनिक. त्यावर उंच दांडीला लावलेली पेटी होती आणि तिच्यात आकडे असे पेटायचे की बागेच्या पलीकडूनही वाचता यावेत. मोठ्या बाबांच्या डोक्यात साधा हिशोब होता. आधी मला काट्यावर उभं करायचं, आकडा बघायचा, तेवढा गूळ मोजून घ्यायचा. पारडं, टांगणी, झाड, काही भानगड नको.

मी ओल्या केसांनीच बाहेर गेले. ते अंगणात बसून संत्री निवडत होते. मला मोठ्या माणसांना काही मागायची सवय नाही. मी बराच वेळ उभी होते.

"काय झालं वं?"

"मोठे बाबा, तो काटा नको."

"काऊन? एकदम बरोबर हाय तो. दहा ग्रामचाही फरक पडत नाई."

"आकडा नको."

त्यांनी हातातलं संत्रं फिरवून पाहिलं, क्रेटमध्ये ठेवलं, दुसरं उचललं. मला वाटलं त्यांना कळलं नाही. मग ते म्हणाले, "जुना तराजू माळ्यावर हाय. जंग खाल्ला असन त्यानं."

ते उठले आणि शिडी शोधायला गेले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्या सगळ्या दोन दिवसांत माझ्याशी कुणी केलेली सगळ्यात मायाळू गोष्ट तीच होती, असं मला आजही वाटतं.

देऊळ बागेच्या टोकाला आहे. चार भिंती, पत्र्याचं छप्पर आणि समोर कडुनिंब. त्याच्या फांदीला साखळीने लोखंडी दांडी टांगली. दोन बाजूंना लाकडी फळ्या, कधीकाळी शेवंतीच्या पोत्यांसाठी केलेल्या. गावातल्या बायका जमल्या होत्या, काही पुरुष लांब पारावर. मी आईने आणलेली हिरवी साडी नेसले होते. मी फळीवर मांडी घालून बसले तेव्हा फळी जमिनीला टेकली आणि समोरची रिकामी फळी झटक्यात वर गेली. कुणीतरी 'बाप्पा' म्हणालं.

चुलत बहीण माझ्या बाजूला साखळी धरून उभी राहिली, फळी फिरू नये म्हणून. आई आणि मोठी आई भेल्या ठेवायला लागल्या. आकडा नको म्हणून मी जुना तराजू मागितला होता, पण भेली सगळ्यांच्या घरची. एका भेलीत किती गूळ असतो ते तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. बायका मोजायला लागल्या. मनातल्या मनात नाही, तोंडाने. मी समोर देवळाच्या पत्र्याकडे बघत राहिले.

"अजून?"

"अजून, अजून. ठेवा."

"हाले ना थोडं."

"हाल्लं कुठी? वाऱ्यानं हाललं थे."

शेवटची भेली आईने ठेवली. माझी फळी थरथरली. मला खालून माती सुटल्यासारखं वाटलं, आणि फळी पुन्हा टेकली. गुळाची फळी अधांतरी लोंबत राहिली. पोत्यावर आता नुसता हळदीचा डाग होता.

भेल्या संपल्या होत्या.

मग मागून एक बाई म्हणाली, "आज तं देवीले शुगर होते," आणि सगळ्या एकदम हसल्या. साखळी धरलेला बहिणीचा हात माझ्या खांद्याला लागत होता. तो घट्ट झाला.

मी आईकडे पाहिलं. ती रिकाम्या पोत्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काय झालं होतं. गूळ सांगताना तिने माझं वजन मला विचारलं नव्हतं. विचारायला तिला संकोच वाटला असेल. तिने अंदाज केला, आणि अंदाज करताना तिच्यासमोर मी नव्हते. ती ज्या मुलीची इतकी वर्षं वाट बघत होती, तिच्याइतका गूळ तिने आणला होता.

"असू दे," मोठी आई म्हणाली. "एवढा पुरे. देवी समजून घेते. उतर वं खाली."

मी उठायला हात टेकवला. मला खरंच उतरायचं होतं.

"नाई," आई म्हणाली. "उतरू नको."

आईला चार माणसांत बोलता येत नाही. तो माझ्याकडे आलेला गुण तिचाच आहे. ती बोलली तेव्हा गावाशी बोलत नव्हती, मोठ्या आईशी बोलत होती, पण सगळ्या ऐकत होत्या.

"तुमी होत्या ना तवा दवाखान्यात? म्या काय मांगतलं होतं? जीव वाचव, असं नाई म्हनलं म्या. हिच्या बरगड्या दिसत होत्या. म्या म्हनलं, माय, माह्या पोरीच्या आंगावर मास चढू दे. हेच शब्द होते." ती थांबली. तिला दम लागला होता. "तिनं देल्लं. म्या मांगतलं थे देल्लं तिनं. अन् मी इतकी वर्सं लाजून घरात बसली. कमी गूळ नाई ठेवत मी आता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई पदराने तोंड पुसत होती. ते उन्हाने असेल. मोठ्या आईने कमरेवर हात ठेवले, माझ्याकडे पाहिलं, गुळाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मंग काय, इथंच बसून राहाचं का? थांबा." ती पाय आपटत घराकडे गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. "घ्या. माह्या घरचाही संपवा. उद्या मी चहा काय मिठाचा पिईन?"

मग बाकीच्या बायका उठल्या. एकेक जण घरी जाऊन यायला लागली. कुणी ताटलीत, कुणी वर्तमानपत्रात, कुणी पदरात. काळा गूळ, पिवळा गूळ, पाघळलेला, खडा झालेला. एकीने साखर आणली, तिला परत पाठवलं. हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण तो वेळ फार लांब होता. मी बसून होते. उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, ऊन डोक्यावर आलं होतं आणि प्रत्येक डब्याबरोबर एक शेरा येत होता. घ्या बाप्पा. अजून घ्या. आमच्या सुनेलेही पाठवा इथं. गूळ देणारे हात आणि बोलणारी तोंडं त्याच बायकांची होती. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

"ताई," बहीण खाली वाकून म्हणाली, "मी बसली असती तं मघाच झालं असतं."

"मग बसायचं होतंस."

"मंग तुह्या जागी साऱ्यायले मी दिसली असती ना."

आम्ही दोघी न आवाज करता हसलो. साखळी हलली, आणि कुणीतरी ओरडलं, हलवू नका वं.

शेवटी कुणाच्या तरी वाटीतला गूळ पडला आणि मी उचलले गेले. हळू, अगदी हळू. जमीन माझ्या खालून वीतभर लांब गेली. पायांना आधार नाही, अंगाखाली नुसती फळी. बहिणीच्या हातून साखळी निसटली, फळी फिरली आणि माझी पाठ लोकांकडे झाली. समोर संत्र्याची तोडून झालेली झाडं होती. देवळात कुणीतरी घंटा वाजवली. मला वाटलं होतं की या क्षणी मला काहीतरी मोठं वाटेल. मला पाणी हवं होतं.

गूळ फोडून वाटताना मी आणि बहिणीने ताटं धरली. लोक दोन्ही हात पुढे करून गूळ घेत होते, कपाळाला लावत होते. एका बाईने गूळ तोंडात टाकला आणि मला म्हणाली, "आता गोड कमी खात जाय वं तू." मी पुढच्या हातावर खडा ठेवला. मला तिच्याशी भांडायची ताकद नव्हती आणि तिलाही आपण काही वाईट बोललो असं वाटलेलं नव्हतं.

दुपारी आई आणि मी परतवाड्याच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. ती मला सोबत म्हणून अमरावतीपर्यंत येऊन तिथून अकोल्याला जाणार होती. पिशवीत बाबांसाठी प्रसाद होता. आईचा चेहरा मोकळा दिसत होता, आजारपणातून उठल्यावर दिसतो तसा. तिने पाण्याची बाटली मला दिली, मी प्यायले, तिला परत दिली.

"लोकं हसले थे," ती म्हणाली. "तुले लागलं का?"

अशा प्रश्नांना माझ्याकडे तयार उत्तर असतं. नाही गं, मला सवय आहे. पण तिने सकाळी इतक्या बायकांसमोर तोंड उघडलं होतं, आणि मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"हो," मी म्हणाले. "लागतं. रोजच लागतं. तू बोलतेस तेव्हा जास्त."

मला वाटलं, आता ती म्हणेल, आई आहे मी तुझी, माझ्या बोलण्याचं काय वाईट वाटून घेतेस. तिने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"मलेही म्हनत," ती म्हणाली. "लग्नात म्हनले होते, तव्यासारखी हाय म्हनून. तुह्या बाबाच्या हाताले म्हनतेच. मले वाटे, आधीच आपन म्हनून टाकलं का बाहेरचं लागत नाई लेकराले."

"लागतं, आई."

"हं."

समोर एक गाडी लागली. ती आमची नव्हती. माणसं धावली, पिशव्या खिडकीतून आत टाकल्या गेल्या, गाडी भरून निघून गेली.

"मग आता नको म्हणूस," मी म्हणाले. "बारीक झाली की, जाड झाली की, काहीच नको. फोनवर पण नको."

ती लगेच हो म्हणाली नाही. ती विचार करत होती, आणि मला ते बरं वाटलं, कारण आमच्याकडे लगेच हो म्हटलेल्या गोष्टी कुणी करत नाही.

"पाह्यते," ती म्हणाली. "तोंडाले सवय हाय वं इतक्या वर्साची. वेळ लागन."

अमरावतीची पाटी लावलेली गाडी फाटकातून आत वळली. आई पिशवी घेऊन उठली.

"लागू दे," मी म्हणाले, आणि आम्ही गाडीकडे निघालो.